जुनी मोटार आणि झाकली मूठ
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात मोटारगाडीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पण मी मोटार कशी दुरुस्त करावी हे सांगायला आलेलो नाही. घरात वर्षानुवर्षे जपलेली जुनी मोटार किंवा स्कूटर चोरापासून कशी सांभाळावी, आणि त्यासाठी आपल्या हातातल्या मोबाइलवर काय सांगावे व काय सांगू नये, एवढाच माझा विषय आहे. लिहिता-वाचता येणे ही शिक्षणाची पहिली पायरी. काय लिहू नये हे उमगणे ही तिच्या वरची पायरी. त्या अर्थाने हा विषय शिक्षणाचाच आहे.

आपल्या समाजाचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. मेकॅनिक, डेंटर, पेंटर, वायरमन, कुशनवाला, टॅक्सीचालक अशा कितीतरी कामांवर आपल्यातली कुटुंबे उभी राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ साली फियाट अकराशे डिलाइट बाहेर पडू लागली. हीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने पिढ्यान्‌पिढ्यांची चूल पेटती ठेवली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातले ॲम्बेसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. म्हैसूरची येझदी मोटारसायकल बनवणारा जुना कारखाना १९९६ साली बंद पडला. ज्या वस्तू आता पुन्हा तयार व्हायच्या नाहीत, त्या ज्यांच्या घरी नीट राहिल्या आहेत त्यांच्यासाठी त्या केवळ लोखंड नाहीत. अब्बांनी पै पै साठवून घेतलेली ती फियाट असते. तिच्यातूनच मुले पहिल्यांदा शाळेत गेली, तिच्यातूनच बहिणीची पाठवणी झाली.

सरकारनेही या वाहनांचे वेगळेपण मान्य केले आहे. जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशा वाहनाचा रोजच्या येण्याजाण्यासाठी वापर करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस ते घरी उभे असणार. ही गोष्ट मालकाला ठाऊक आहे, तशी चोरालाही ठाऊक आहे.

आता चोराच्या बाजूने थोडा विचार करू. नव्या मोटारीत चावीची इलेक्ट्रॉनिक ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. जुन्या मोटारीत अशी सोय नाही. साध्या कुलपाशिवाय तिला दुसरा रखवालदार नाही. शिवाय चोराला ती संपूर्ण विकावी लागतेच असे नाही. मूळचे दिवे, बंपर, मीटर, कार्ब्युरेटर, दारांच्या मुठी हे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले की त्यांची किंमत चढते. संपूर्ण गाडी ओळखू येते; सुटा भाग कोणाचा हे कोण सांगणार?

तरीही चोराची एक मोठी अडचण असते. रस्त्यावर उभी असलेली मोटार त्याला दिसते; पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली दिसत नाही. त्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. कोणती वस्तू आहे? कोठे आहे? आणि तिच्याजवळ कोणी नसते ती वेळ कोणती? पूर्वी ही उत्तरे काढायला त्याला गल्लीत चकरा माराव्या लागत, चहाच्या टपरीवर बसून कान टवकारावे लागत. कोणाच्या तरी नजरेत तो भरे. आज त्याला ते कष्ट नकोत. उत्तरे आपणच त्याला घरपोच देतो, आणि तीही हौसेने.

एक उदाहरण घेऊ. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातले एक घर आहे. मोठा मुलगा आखातात नोकरीला आहे. अंगणाच्या कडेला वडिलांची जुनी मोटार झाकून ठेवलेली आहे. सुट्टीत धाकटा मुलगा ती धुऊन-पुसून तिचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकतो. नंबर प्लेट स्पष्ट दिसते. मागे घराचे फाटक आणि मशिदीचा मिनार दिसतो. चाचा फेसबुकवर कौतुकाने लिहितात, "माशाअल्लाह, सगळे पार्ट ओरिजिनल आहेत." ज्या गॅरेजात गाडीचे काम झाले तिथला कामगार पोर गाडीचा व्हिडिओ टाकतो, त्यात भिंतीवर खिळ्याला लटकलेली चावी दिसते. पुढे महिनाभराने मुलीचा निरोप व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर झळकतो : सगळे कुटुंब आठ दिवस मुंबईला, लग्नाला.

यांतल्या कोणी काय वावगे केले? प्रत्येकाने एक लहानशी, निरुपद्रवी वाटणारी गोष्ट सांगितली. पण चोराने चारही जोडल्या तर 'कोणती' कळते, 'कोठे' कळते, 'केव्हा' कळते, आणि चावीही दिसते. थेंबे थेंबे तळे साचे असे आपण बचतीबद्दल म्हणतो. माहितीचे तळेही तसेच साचते. फरक एवढाच की ते दुसऱ्याच्या अंगणात साचते.

हे मी कल्पनेने बोलतो आहे असे वाटू नये, म्हणून घडलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट छायाचित्राची. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक अदृश्य टिपणही साठत असते : तारीख, वेळ, मोबाइलचे मॉडेल, आणि लोकेशनची सोय चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. संगणकाच्या विषाणूंना रोखणारी कंपनी ज्यांनी काढली ते जॉन मॅकॅफी २०१२ साली बेलीझच्या पोलिसांना चुकवत लपले होते. डिसेंबरात एका नियतकालिकाने त्यांच्या भेटीचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि त्या फाइलमधल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. संगणकाच्या सुरक्षिततेवर ज्याने नाव कमावले, त्याचा ठावठिकाणा एका छायाचित्राने उघड केला. काही माध्यमे छायाचित्र स्वीकारताना हे टिपण काढून टाकतात. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र पाठवले तर ते जात नाही. पण तेच 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ई-मेलने पाठवले तर टिपणासह जाते. दुसऱ्याच्या भरवशावर न राहता कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवणे हेच बरे.

दुसरी गोष्ट चावीची. २००८ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की चावीच्या छायाचित्रावरून तिचे दाते मोजून तशीच दुसरी चावी बनवता येते. इमारतीच्या गच्चीवरून सुमारे १९५ फुटांवरच्या चाव्यांचे छायाचित्र दुर्बिणीसारख्या भिंगाने काढून त्यांनी हा प्रयोग यशस्वी केला. जुन्या मोटारीची चावी म्हणजे साधी दातेरी पट्टी. ती मेजावर पसरून 'माझी पहिली गाडी' असे लिहून छायाचित्र टाकणे म्हणजे साबणावर ठसा काढून देण्यासारखेच आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या वयाच्या मुलाची आहे, विद्यार्थी मित्रांनो. धावण्याची आणि सायकलीची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या वापरणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचे नाव नव्हते, फक्त उजळ रेषा होत्या. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की ओसाड प्रदेशातल्या त्या रेषांवरून लष्करी तळांची जागा आणि आतले रस्ते ओळखता येतात. सैनिक व्यायाम करत होते. त्यांनी कोणालाही काही सांगितले नव्हते. जी चूक बड्या सैन्यांच्या ध्यानात आली नाही, ती एका विद्यार्थ्याच्या नजरेने पकडली. अशी नजर तुम्हालाही कमावता येते.

आता नंबर प्लेटकडे वळू. एमएच-०८ वाचले की रत्नागिरी, एमएच-१२ वाचले की पुणे, हे कोणालाही कळते. नंबराचा दुसरा धोका नकलेचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताज हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन मोटारी समोरासमोर आल्या. खऱ्या मालकाला आपण न केलेल्या गुन्ह्यांचे ई-चलान येत होते. दुसऱ्याने कर्जवसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी आपल्या नंबरातला एक आकडा बदलला होता आणि तो नेमका याच्या वाट्याला आला. तिथे नंबर इंटरनेटवरून उचललेला नव्हता. पण आपला नंबर दुसऱ्याच्या गाडीवर गेला की काय मनस्ताप होतो, हे त्यातून दिसते. चासी नंबर आणि इंजिन नंबर तर याहून नाजूक. चोरलेल्या गाडीचा मूळ नंबर घासून तिच्यावर दुसऱ्या गाडीचा नंबर ठोकायचा आणि तिच्याच कागदपत्रांवर ती विकायची, ही चोरांची जुनी रीत आहे. आरसी बुकाचे छायाचित्र ग्रुपवर टाकणारा मनुष्य त्यांना हे साहित्य फुकट पुरवतो.

कायदा आपले रक्षण करील, असे कोणी म्हणेल. कायदा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण त्यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या : जी माहिती तुम्ही स्वतःहून जाहीर केली, तिला तो कायदा लागू होत नाही. कायदा तुमच्या बंद दाराचे रक्षण करतो. तुम्हीच उघडे टाकलेले दार तो लावत नाही.

विम्याचेही असेच आहे. अनेक जुन्या वाहनांचा फक्त 'थर्ड पार्टी' विमा असतो, कारण तो सक्तीचा आणि स्वस्त असतो. या विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून बघा. पूर्ण विमा घ्यायचा ठरवला, तर पाच वर्षांहून जुन्या वाहनाची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. ती लेखी ठरवून घ्या. नाहीतर जपलेल्या गाडीची भरपाई भंगाराच्या भावाने पदरात पडेल.

मग करावे काय? छायाचित्रे काढूच नयेत काय? असे मी म्हणणार नाही. जुन्या गाडीचा छंद एकट्याने जोपासता येत नाही. सुटा भाग कोठे मिळेल, कोणता कारागीर चांगला, हे एकमेकांना विचारूनच कळते. ज्ञान जरूर वाटा; पत्ता वाटू नका. कार्ब्युरेटर कसा साफ केला हे सगळ्या जगाला सांगा. गाडी रात्री कोठे उभी असते हे सांगायचे कारण नाही.

छायाचित्र घरासमोर काढण्याऐवजी मोकळ्या मैदानावर काढा. नंबर प्लेट, दुकानाची पाटी, घराचे नाव झाका. रॅलीला जाणार असाल तर जाण्यापूर्वी जाहीर करू नका. परत येऊन गाडी जागेवर लावल्यावर, दोन दिवसांनी खुशाल टाका. गावाला निघताना निरोप शेजाऱ्याला द्या, स्टेटसला नको. "सध्या घरी कोणी नाही" हे वाक्य पूर्वी आपण पोस्टमनलासुद्धा विचार करून सांगत होतो. आपल्या प्रोफाइलवर पूर्ण नाव, फोन नंबर, गल्ली, शाळा हे सगळे एकत्र असेल तर त्यातले गरजेपुरते ठेवा आणि बाकीचे काढा. जुन्या पोस्टही तपासा. चार वर्षांपूर्वीचे छायाचित्रही आजचा पत्ता सांगते.

गाडी विकायची असेल तेव्हा विशेष सांभाळा. जाहिरातीत मॉडेल, साल, स्थिती आणि तालुका एवढे पुरे. आरसी बुक आणि चासी नंबर खऱ्या गिऱ्हाइकाला समोरासमोर दाखवा. गिऱ्हाइकाला दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी बोलवा, सोबत कोणीतरी असू द्या. चालवून बघायला देताना त्याचे ओळखपत्र पाहा आणि स्वतः गाडीत बसा. एकट्याच्या हाती गाडी देऊ नका. पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, असे कोणी म्हणाला तर फोन ठेवा. पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. रस्त्यात पोलिसांना कागद दाखवण्यासाठी डिजिलॉकर आहे. त्यासाठी आरसीचे छायाचित्र दहा जणांच्या फोनवर ठेवण्याची गरज नाही.

गॅरेज चालवणाऱ्या बांधवांना माझी वेगळी विनंती आहे. गिऱ्हाईक आपली गाडी आणि चावी तुमच्या हवाली करते, तेव्हा त्याच्या घराची माहितीही तुमच्याकडे येते. आपल्याकडे 'अमानत' हा शब्द आहे. गाडी ही अमानत, तशीच ती माहितीही अमानत. आपल्या कामाची जाहिरात करायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला विचारून, नंबर झाकून, गाडी परत गेल्यावर करा. चाव्यांचा फळा कॅमेऱ्यात येऊ देऊ नका. हाताखालच्या पोरांनाही हे समजावा. एखाद्या गिऱ्हाइकाची गाडी गेली आणि बोट तुमच्या गॅरेजकडे वळले, तर तीस वर्षांची पत एका दिवसात जाते. ती कोणत्याही विम्यात परत मिळत नाही.

मूठ झाकली म्हणजे कुलूप नको, असे नव्हे. बॅटरी तोडणारा छुपा स्विच, स्टिअरिंगला लावायचे कुलूप, चाकाला साखळी, दडवलेले जीपीएस यंत्र, यांतले जे झेपेल ते करा. फक्त कोणते केले ते जाहीर करू नका. आणि घरच्या वहीत नोंद ठेवा : चासी नंबर, इंजिन नंबर, सर्व बाजूंची छायाचित्रे, एखादा जुना ओरखडा, सीटखाली आपण केलेली गुप्त खूण. ही वही इंटरनेटवर नको, कपाटात हवी.

कारण दुर्दैवाने चोरी झालीच, तर मग गप्प बसायचे नसते. त्या क्षणी झाकलेली मूठ उघडायची. ११२ वर फोन करा, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला, या सबबीवर नोंद नाकारता येत नाही. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. छायाचित्रे आणि खुणा गॅरेजवाल्यांना, भंगारवाल्यांना, जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना पाठवा. तपासाच्या दृष्टीने पहिले काही तास मोलाचे असतात, आणि ते तास घरच्या वहीमुळे वाचतात.

पालकांनो, हे सगळे ऐकून मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा असे आपल्याला वाटेल. तसे करू नका. गाडीची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. मोबाइलच्या खाचाखोचा मुलांना ठाऊक आहेत. एकाचे ज्ञान दुसऱ्यावाचून अपुरे आहे. येत्या रविवारी तासभर एकत्र बसा. मुलाने किंवा मुलीने घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले कॅमेऱ्याचे लोकेशन तपासावे, गाडीची जुनी छायाचित्रे शोधावीत, आणि त्यांवरून परक्या माणसाला काय काय कळेल त्याची यादी करावी. ती यादी वाचताना घरातल्या वडीलधाऱ्यांना आश्चर्य वाटेल. त्याच बैठकीत वडिलांनी मुलांना गाडीची कहाणी सांगावी : ती कोणत्या वर्षी आली, कोणत्या पगारातून आली, कोणत्या आजारपणात विकायची पाळी आली आणि तरी का विकली नाही. ज्याला ही कहाणी ठाऊक आहे, तो मुलगा चार लोकांच्या 'लाइक'साठी त्या गाडीचा पत्ता बाजारात मांडणार नाही.

आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या पडवीतल्या जुन्या मोटारीला हे वचन अक्षरशः लागू पडते. तिची शान रस्त्यावर सर्वांनी पाहावी. तिचा ठिकाणा मात्र घरच्यांनाच ठाऊक असावा.